सीमेवर भांडण, भोसरीत मॅग्नेट: अशा देशाशी धंदा टिकवायचा तरी कसा?

भोसरीचा_वाइंडर

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. आम्ही धरून अठरा माणसं. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरी बनवतो, त्या पंख्यात आणि छोट्या पंपात जातात. रोटरवर चंद्रकोरीसारखे मॅग्नेट चिकटवावे लागतात. निकेलचा चकचकीत थर दिलेले, नखाएवढे. ते येतात चीनमधल्या निंगबोहून. खोक्याला आतून पत्रा लावलेला असतो, दोन मॅग्नेटांमध्ये प्लास्टिकची चकती. नवीन पोरगा चकती न लावता दोन सुटे हातात घेतो आणि पहिल्याच दिवशी बोटाचं सालटं काढून घेतो. त्याशिवाय त्याला आम्ही कामगार मानतच नाही!

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ धातूंवर निर्यात निर्बंध घातले. त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते, आणि हे धातू घातलेले मॅग्नेटसुद्धा. माझा ग्रेड ४२ एसएच, म्हणजे दीडशे अंशांपर्यंत टिकणारा. एवढी उष्णता सोसायची तर त्यात डिस्प्रोसियम आलंच. एप्रिलची कन्साइनमेंट तिकडच्या बंदरातच अडकली. जूनमध्ये माझी लाइन अकरा दिवस बंद होती. पोरांना मी शेड रंगवायला लावलं, घरी कसं बसवणार?

निंगबोच्या कंपनीतल्या बाईंशी माझा बारा वर्षांचा व्यवहार आहे. कधी भेटलो नाही. दर दिवाळीला त्यांचा पणतीचा फोटो येतो, मी त्यांच्या नववर्षाला गणपतीचा पाठवतो. गलवान झालं तेव्हा तीन दिवस त्यांनी काही लिहिलं नाही, मीही नाही. चौथ्या दिवशी त्यांच्याकडून फक्त पॅकिंग लिस्ट आली, बाकी एक शब्द नाही. मीही ‘ओके’ एवढंच लिहिलं. ते मला अजून आठवतं.

तर प्रश्न असा. मुलगा म्हणतो, बाबा, चीन सोडा. सोडून जाऊ कुठे? ज्यांचं आपसात पटत नाही, एकमेकांवर डोळे वटारलेले असतात, असे मोठे देश कामापुरतं तरी जुळवून कसं घेतात? त्यात काही रीत असते का, की सगळं वरच्यांच्या मर्जीवर? जाणकारांनी लिहावं. बहिष्काराची भाषणं नकोत, ती घरी मोफत मिळतात.

स्वदेशी_सदाशिव

भाषण नको म्हणता, पण उत्तर तेच आहे. देशी माल घ्या. थोडा महाग पडेल, पडू दे.

भोसरीचा_वाइंडर

सदाशिवराव, महाग पडला तरी घेतो, पत्ता द्या. मला हव्या त्या ग्रेडचा आणि आकाराचा सिंटर्ड (भुकटी दाबून भट्टीत भाजलेला) मॅग्नेट आज भारतात कोण देतं? मी चार ठिकाणी विचारलं. तीन ठिकाणी चीनचाच माल खोकं बदलून मिळत होता. चौथ्याने फेराइट, म्हणजे साधा स्वस्त मॅग्नेट दाखवला. त्याची ताकद माझ्या मॅग्नेटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तो बसवायचा तर मोटर भोपळ्याएवढी होईल, गिऱ्हाईक दारात उभं करणार नाही.

चुशूलचा_वारा

वाइंडर साहेब, मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. पूर्व लडाखमध्ये दोन वेळा पोस्टिंग होती. व्यापारातलं मला फार कळत नाही, पण तुमच्या ‘रीत असते का’ या प्रश्नावर बोलू शकतो. कारण शत्रूसोबत रीत पाळणं हे आमचं रोजचं काम होतं.

१९९३ मध्ये नरसिंह रावांच्या वेळी पहिला करार झाला, ताबारेषेवर शांतता ठेवायची म्हणून. १९९६ च्या दुसऱ्या करारात कलम सहा आहे: रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही, स्फोट करायचा नाही. सीमा कुठे आहे यावर एकमत नाही, पण गोळी कुठे चालवायची नाही यावर आहे. आमच्याकडे ‘बॅनर ड्रिल’ असायचं. गस्त समोरासमोर आली की कापडी फलक उलगडायचा. त्यावर दोन्ही भाषांत लिहिलेलं, तुम्ही आमच्या हद्दीत आहात, मागे जा. तेही तसाच फलक उलगडायचे. वाऱ्याने तो फलक धरवत नसे, दोघे जण लागायचे. उणे पंधरात दहा मिनिटं फलक धरून उभं राहायचं आणि मग आपापल्या वाटेने परत. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण १९७५ मध्ये तुलुंग ला इथे आसाम रायफल्सचे चार जवान गेले, त्यानंतर २०२० पर्यंत, पंचेचाळीस वर्षं, त्या सीमेवर झटापटीत एकही जवान गेला नाही.

मग १५ जून २०२०, गलवान. आपले वीस गेले. त्या रात्रीही गोळी चाललेली नाही, हे लोक विसरतात. करार पाळून माणसं मारली, असं म्हणायची वेळ आली.

त्यानंतर कोअर कमांडर पातळीवर एकवीस फेऱ्या झाल्या, बहुतेक चुशूल-मोल्दोच्या त्या भेटीच्या जागी. शेवटच्या दोन ठिकाणच्या गस्तीचं ठरलं ते थेट २१ ऑक्टोबर २०२४ ला. चार वर्षं चार महिने. माझं मत विचाराल तर रीत असते, पण जो मोडू शकतो तोही ती रीत वापरतो. तुमचा मॅग्नेट म्हणजे तेच झालं. गोळी न चालवता नाक दाबलं.

आणि सदाशिवरावांसाठी आकडा. २०१९-२० मध्ये आपली चीनकडून आयात साधारण ६५ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ११३ अब्जांवर गेली. निर्यात १६ वरून १४ वर आली. गलवाननंतरच्या पाच वर्षांतला हा हिशेब आहे. टीव्ही फोडून झाले, मग नवा टीव्ही कुठून आला?

सोलापुरी_दुभाषी

सुभेदार साहेबांना नमस्कार. ‘करार पाळून माणसं मारली’ हे वाक्य वाचून थोडा वेळ थांबले.

मी चिनी-मराठी-इंग्रजी दुभाषी. दिल्लीला चिनी शिकले, आणि पोट भरते चाकण-रांजणगाव पट्ट्यात. मशीन विकणारे चिनी आणि विकत घेणारे आपले यांच्या मधल्या खुर्चीत वीस वर्षं बसलेय. त्यामुळे वाइंडर दादांचा प्रश्न मला घरचाच आहे. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

१५ जून २०२० ची एक गोष्ट सांगते, जी पुण्याबाहेर फारशी कुणाच्या लक्षात नाही. गलवान झालं त्याच दिवशी महाराष्ट्र सरकारने ऑनलाइन कार्यक्रमात गुंतवणुकीचे करार केले. त्यात तीन चिनी प्रकल्प होते, एकूण ५,०२० कोटींचे. सगळ्यात मोठा ग्रेट वॉल मोटर्सचा, ३,७७० कोटी, तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी. दिवसा सह्या, रात्री गलवान. आठवडाभरात तिन्ही करार थांबवले गेले. त्याच्या आधीच, १७ एप्रिलला, केंद्राने प्रेस नोट ३ काढली होती: जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातून पैसा यायचा तर आधी सरकारची परवानगी. ग्रेट वॉलने दोन वर्षं वाट पाहिली आणि २०२२ मध्ये नाद सोडला. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. त्या प्रकल्पाच्या भरवशावर चाकणात दोन पोरींनी माझ्याकडे चिनी शिकायला सुरुवात केली होती. एक आता कोरियन शिकवते. शहाणी निघाली.

२९ जूनला ५९ ॲप बंद झाली. बातम्यांत सगळे टिकटॉकवर बोलत होते. माझं दुकान बुडालं ते वीचॅटमुळे. चिनी माणूस ईमेल बघतोच असं नाही, त्याचं सगळं वीचॅटवर: भाव, ड्रॉइंग, पैसे, पोराचा वाढदिवस. आपलं व्हॉट्सॲप तिकडे बंद, त्यांचं वीचॅट इकडे बंद. माझे चारशेच्या वर संपर्क एका रात्रीत गेले. नंतर शंभर-सव्वाशे परत जोडले, ईमेल लिहून, जुन्या कार्डांवरून फोन करून. वाइंडर दादा, तुमच्या निंगबोच्या बाईंनी तो धागा सुटू दिला नाही, याची किंमत मला विचारा.

मग व्हिसाचा खोळंबा. चाकणला एका कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंग मशीन येऊन पडलं होतं आणि ते चालू करून देणारा चिनी इंजिनिअर येऊ शकत नव्हता. सात महिने ताडपत्री. शेवटी आम्ही ते व्हिडिओ कॉलवर चालू केलं. चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणून पहाटे पावणेसहाला सुरुवात. आपल्या फिटरने हेल्मेटला मोबाइल बांधला, तिकडून इंजिनिअर ‘डावीकडचा व्हॉल्व्ह, नाही नाही, त्याच्या मागचा’ असं ओरडणार आणि मी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी बंद करून भाषांतर करणार. एकोणीस दिवस लागले, एरवी चार लागतात. शेवटच्या दिवशी पहिला तुकडा साच्यातून पडला, एक साधं झाकण, तेव्हा तिकडचा माणूस आणि आपला फिटर दोघंही एकदम टाळ्या वाजवायला लागले. भाषांतराची गरज नव्हती, मी कुकर लावला.

आता ‘रीत असते का’. चिनीत चार अक्षरांची एक म्हण चालते: चंग लंग, चिंग र. राजकारण गार, अर्थकारण गरम. वीसेक वर्षांपूर्वी जपान-चीनबद्दल फार वापरली जायची. कोइझुमी पंतप्रधान असताना दोन्हीकडचे नेते एकमेकांच्या घरी जाईनात आणि व्यापार मात्र दणक्यात वाढत होता. त्या दोघांचाच पुढचा प्रसंग तुमच्या कामाचा आहे. ७ सप्टेंबर २०१० ला, दोघांचाही दावा असलेल्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट जपानी तटरक्षकांच्या बोटींवर आदळली. जपानने कप्तानाला धरलं. लगेच दुर्मिळ धातूंची जपानला जाणारी जहाजं तिकडच्या बंदरांत रेंगाळायला लागली. बंदी घातली असं चीनने कधी मान्य केलं नाही, कागदोपत्री काही नव्हतंच. कप्तानाला सोडलं गेलं.

जपानने पुढे काय केलं ते बघा. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस या खाण कंपनीत २५ कोटी डॉलर घातले. कमी डिस्प्रोसियममध्ये काम भागवायचं संशोधन लावलं. २०१२ मध्ये अमेरिका आणि युरोपला सोबत घेऊन जागतिक व्यापार संघटनेत चीनविरुद्ध तक्रार केली आणि २०१४ मध्ये जिंकली, चीनला निर्यातीचा कोटा उठवावा लागला. आणि हे सगळं चालू असताना चीनकडून माल घेणं बंद केलं नाही! आधी नव्वद टक्के तिथून यायचं, पुढे साठच्या आसपास आलं. शून्य आजही नाही. तुमच्या मुलाला हे सांगा. ‘सोडा’ आणि ‘धरून बसा’ यांच्या मध्ये बराच रस्ता आहे, आणि त्यावर जपानला पंधरा वर्षं लागली.

आपल्याकडे सुरुवात आता होतेय. सिंटर्ड मॅग्नेट देशात बनावेत म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांची क्षमता उभी करायची. चांगलं आहे. पण भट्टी उभी राहून तुमच्या ग्रेडचा तुकडा बाहेर पडेपर्यंत तुम्हाला निंगबो लागणारच.

सहकार्य म्हणजे शिखर परिषदेतले हस्तांदोलन असं आपण धरून चालतो. मला ब्रह्मपुत्रेचं उदाहरण जास्त खरं वाटतं. चीनने दर पावसाळ्यात, १५ मे ते १५ ऑक्टोबर, तिबेटमधल्या तीन केंद्रांवरची पाण्याची पातळी आपल्याला कळवायची असा करार होता. कुणी तरी तिकडे पट्टी बघतं, आकडा पाठवतं, इकडे कुणी तरी तो वहीत चढवतं. २०१७ मध्ये डोकलामला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी ठाकली आणि त्या पावसाळ्यात आकडे आलेच नाहीत. पाणी मोजायच्या केंद्राचं नूतनीकरण चाललंय, असं कारण चीनने सांगितलं. २०१८ ला परत सुरू. म्हणजे भांडण डोंगरावर आणि चिंता आसामातल्या शेतकऱ्याला. असली बिनचेहऱ्याची कामं एकदा नेमाने चालू राहिली की त्यात कुणाला कुणावर उपकार करावे लागत नाहीत. आणि राग आला की दोन्ही बाजू आधी हीच बंद करतात, कारण ती बंद केल्याची बातमी होत नाही.

सध्या वारा बरा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्यावर ५० टक्के शुल्क लावलं, त्याच महिन्यात चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत येऊन गेले आणि महिनाअखेर मोदी चीनमध्ये तियानजिनला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला कोलकाता-ग्वांगझो थेट विमान पाच वर्षांनी उडालं. अमेरिकेने ढकललं म्हणून आपण जवळ सरकलो, हे चाकणातले चिनीसुद्धा उघड बोलतात. वारा फिरेल तेव्हा फिरेल, तोवर कागद पक्के करून घ्या.

अवांतर: मी सोलापूरची. चीनमध्ये साठीच्या पुढच्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच ‘क दिहुआ’ म्हणतो. म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटनीस. १९३८ ला वैद्यकीय पथकातून गेले, १९४२ ला तिथेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. जेवणात एक पेला त्यांच्या नावाने होतोच. पण सांगून ठेवते, कोटनीसांच्या नावावर चहा मिळतो, भावात सवलत आजवर एकदाही मिळालेली नाही.

कंटेनर_काका

ताईंचं सगळं पटलं, फक्त एक भर. खडे दोन्हीकडून टाकले जातात. मी क्लिअरिंगमध्ये, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या कामात, एकतीस वर्षं काढली. जून २०२० च्या शेवटी चिनी मालाचा कंटेनर न् कंटेनर उघडून तपासत होते. लेखी आदेश कुठे दिसला नाही, सगळं तोंडी. मी ज्या बंदरात होतो तिथे एका औषध कंपनीचा कच्चा माल पंधरा दिवस उन्हात, आणि पार्टी मला शिव्या घालतेय. लगेच हाँगकाँगला आपला माल अडकायला लागला. आता सांगा, जपान्यांची जहाजं ‘रेंगाळली’ त्यात आणि यात फरक काय? असला आदेश कागदावर नसतो म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) पण तसंच. परदेशी कारखान्याला शिक्का हवा तर आपला निरीक्षक तिकडे जाऊन कारखाना बघणार. निरीक्षक जाणार नसेल तर शिक्का कसा मिळणार? मग आयातदार बोंबलत बसतो.

वाइंडर साहेब, एंड यूजर सर्टिफिकेट, म्हणजे माल कुठे वापरणार याचं हमीपत्र, भरलंत का? माझ्या दोन पार्ट्यांचं चार चार महिने झाले तरी आलेलं नाही.

भोसरीचा_वाइंडर

सगळ्यांचे आभार. सुभेदार साहेब, तुमचा फलकाचा किस्सा आज शेडमध्ये जेवताना वाचून दाखवला. आमचा वेल्डर साताऱ्याचा, त्याचा भाऊ फौजेत आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही.

काका, भरलं. मॅग्नेट कुठल्या मोटरीत बसणार, मोटर कुठल्या पंपात, पंप कोण घेणार, लष्करी कामाला नाही, तिसऱ्याला विकणार नाही. मग आपल्याकडच्या खात्यांचे शिक्के, मग दिल्लीतली चिनी वकिलात, मग निंगबोच्या बाई तो कागद त्यांच्या व्यापार मंत्रालयात देणार. माझ्या गिऱ्हाईकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मॅग्नेट घेतोयस की सोयरीक जमवतोयस?

मधल्या काळात बाईंनीच तोड सुचवली. डिस्प्रोसियम नसलेला एच ग्रेड, एकशेवीस अंशांपर्यंतचा, निर्बंधात बसत नाही. सुरुवातीला तिकडचे कस्टमवाले तोही तपासणीला थांबवत होते, आता सुटतो. पण माझी मोटर उन्हाळ्यात टाकीवरच्या पंपात एकशेतीसला जाते. मुलगा आणि मी दीड महिना त्यावरच बसलो. वाइंडिंगची तार एक गेज जाड केली, झाकणाला उष्णता सोडणाऱ्या फिन काढल्या, पंखा उलट बाजूला घेतला. एकशेबारावर आणली. ‘चीन सोडा’ म्हणणारा पोरगा रात्री अकराला निंगबोला ड्रॉइंग पाठवत होता, तिकडे पहाटेचे दीड. बाई जाग्या होत्या.

पाचशे नगांचा नमुना बोटीत आहे. पण सगळ्या मोटरींना हे चालणार नाही, दोन मॉडेलला एसएच लागणारच. त्याचं सर्टिफिकेट काल परत आलं. कारण काय? अर्जात लिहिलंय ‘एस ब्लॉक’, जीएसटीच्या कागदावर ‘एस-ब्लॉक’ आणि वीज बिलावर नुसतं ‘भोसरी औद्योगिक क्षेत्र’. तिकडच्या बाबूचं म्हणणं, हे तीन वेगळे कारखाने आहेत.

सोलापुरी_दुभाषी

हे नेहमीचं. तिन्ही कागदांचे फोटो व्यनि (खासगी निरोप) करा. चिनीत पत्ता मी लिहून देते, आणि तिन्ही जागा एकच असल्याचं एक पानी पत्र करून त्यावर नोटरी घ्या. शिक्का लाल शाईत मारा. निळा त्यांना खोटा वाटतो.

कंटेनर_काका

लाल शाई! माझ्या दोन्ही पार्ट्यांचे निळे आहेत. ताई, मलाही त्या पत्राचा मसुदा पाठवा.